बाईंची डावी किडनी

बाईंची आणि माझी पहिली भेट म्हणजे तोंडी परीक्षाच होती. मी अकोल्याहून नोकरीसाठी पुण्यात आले होते. कंपनी हडपसरला आणि जाहिरातीतली खोली कोथरूडला. ही शहराची दोन टोकं आहेत, हे मला तोवर नकाशावर दिसलं होतं, पण कळलं नव्हतं.

"रोज इथून हडपसरला जाणार?" बाईंनी विचारलं.

"हो. बस आहे ना."

"बस आहे. तिच्यात जागा आहे, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी घाईघाईनं त्यांना मावशी म्हणून पाहिलं. "मी तुमच्या आईची बहीण नाही," त्या म्हणाल्या. मग काकू म्हणून पाहिलं. "माझं लग्न झालेलं नाही. काका कुठून आणू?" शेवटी तोडगा त्यांनीच सुचवला. सगळी हयात शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली होती, त्यामुळे भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना बाई म्हणत. मीही बाई म्हणावं. नात्याची भानगड नको.

मुलगे येतील का, मासे शिजतील का, घरी यायला उशीर होईल का, या प्रश्नांची उत्तरं मी पाठ करून गेले होते. बाईंनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"डोकं दुखलं की काय घेता?"

"गोळी."

"कुठली?"

मी नाव सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ती या घरात येणार नाही. डोकं दुखलं तर मला सांगायचं, मी दुसरं काहीतरी देईन. किंवा काही देणार नाही. या घरात किडनी एकच आहे."

माझ्या दोन धरून एकूण तीन असणार, हा हिशेब माझ्या मनात आला. पण खोलीला खिडकी होती आणि खिडकीबाहेर झाड होतं, म्हणून मी गप्प बसले. माझ्या गोळीनं त्यांच्या किडनीचं काय बिघडणार होतं, हे मला पुढेही कधी कळलं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता, आणि तत्त्वाचे प्रश्न बाईंच्या घरात भिंतीवरच्या पालीसारखे कुठूनही निघत.

दुसऱ्या दिवसापासून मी 'तू' झाले. 'आपण' फक्त गुन्हा घडल्यावर. "आपण काल गीझर चालू ठेवून ऑफिसला गेलात" हे वाक्य ऐकलं की मला अजून घाम फुटतो.

उजवी किडनी गेली ती मी राहायला यायच्या आदल्या वर्षी. पोटाची सोनोग्राफी पित्ताच्या खड्यांसाठी केली होती. खडे सापडले नाहीत, किडनीत गाठ सापडली. गाठ कॅन्सरची होती आणि बरोबर मध्यावर बसली होती, त्यामुळे तेवढीच काढून भागणार नव्हतं, अख्खी किडनी काढावी लागणार होती. हे समजावून देण्यासाठी सर्जनसाहेबांनी पॅडच्या मागच्या बाजूला चित्र काढलं. बाईंनी ते पाहिलं आणि पेन मागून घेतलं.

"मूत्रवाहिनी आतल्या बाजूनं निघते. तुम्ही बाहेरच्या बाजूनं काढलीत," त्या म्हणाल्या, आणि शेजारी नीट आकृती काढून नावं दिली. "कापायच्या आधी एकदा पाहून घ्या."

सर्जनसाहेब हसले. बाई हसल्या नाहीत. ऑपरेशन उत्तम झालं. आकृतीमुळे, असं बाईंचं मत होतं.

ऑपरेशननंतर सर्जनसाहेब म्हणाले, "काळजी करू नका, एका किडनीवर माणूस मजेत जगतो." यावर बाईंचा प्रश्न असा होता की मजेत जगणं हे किडनीचं काम केव्हापासून झालं. त्यांना हवी होती ती माहिती वेगळीच होती. दोघींनी मिळून करायचं काम आता एकीवर पडलं; ती किती दिवस करील? उत्तर असं की उरलेली थोडी मोठी होते, जास्तीचं काम अंगावर घेते, पण दोघींइतकं नाही. रक्तातला क्रिएटिनिन नावाचा आकडा पूर्वीपेक्षा वर चढतो आणि बहुतेकांचा तिथेच स्थिरावतो. ज्यांचा स्थिरावत नाही त्यांचं काय, हे विचारल्यावर सर्जनसाहेबांना दुसरा पेशंट आठवला.

आकडा स्थिरावला. लॅबच्या रिपोर्टवर त्याच्या शेजारी छोटा तारा छापून यायचा, म्हणजे आकडा असावा त्यापेक्षा जास्त आहे. "मी तारा चांगल्या वहीवर द्यायचे," बाई म्हणत. "हे नापासांना देतात."

कॅन्सर गेला म्हणून नातेवाइकांनी पेढे वाटले होते. बाईंना त्याचा राग कायम राहिला. "गेलेल्या किडनीला भेटायला सगळं गोत आलं," त्या म्हणत, "राहिलेलीची चौकशी एकानं केली नाही. सासुरवाशिणीसारखं आहे तिचं. काम दुप्पट, नाव नाही."

त्या तिला नुसतं 'डावी' म्हणत. घरात आम्ही तिघी राहतो असं मला हळूहळू वाटायला लागलं, कारण डावीला मतं फार होती. डावीला लोणचं चालत नसे, पापड चालत नसे, लग्नाची जेवणं तर मुळीच नाही. "डावी येत नाही, म्हणून मीही येत नाही," असं सांगून बाईंनी कितीतरी मंगल कार्यालयं वाचवली. सोसायटीच्या बैठकीत सेक्रेटरी पार्किंगवर बोलायला उभे राहिले की बाई उठत. "चालू द्या तुमचं. डावीनं बोलावलंय." सेक्रेटरींना अनेक महिने वाटत होतं की डावी ही कुणी आजारी नातेवाईक आहे. एकदा त्यांनी जिन्यात मला हळूच विचारलंही, "त्यांची तब्येत कशी आहे आता?" मी खरं तेच सांगितलं. "काम करतात अजून."

पाण्याचा सल्ला देणाऱ्यांचा बाईंना विशेष तिटकारा होता. शेजारच्या जोशीण, म्हणजे त्या जोशी नव्हत्या, पण बाई सगळ्याच शेजारणींना तसं म्हणत, त्या रोज दारातून ओरडत, "पाणी भरपूर प्या हं, धुऊन निघतं सगळं!" बाई आतून उत्तर देत, "किडनी आहे, मोरी नाही!"

रोज सकाळी चहाच्या आधी रक्तदाब मोजायचा, दोनदा. पहिलं माप त्या मानत नसत. "शाळेत तपासनीस आल्यावर मुलं कशी बसतात, तसं असतं ते पहिलं. खरं कळायचं तर दुसऱ्यांदा डोकवावं लागतं." औषधाच्या दुकानात त्यांना रांगेत उभं करणं दुकानदाराला जड जाई. पुढच्या माणसानं नुसती कंबर धरून गोळी मागितली की बाई सुरू. वय काय, रक्तदाब आहे का, साखर आहे का, किती दिवस घेताय, किडनी तपासलीत का? एक गृहस्थ गोळी न घेताच कंबर धरून परत गेले. दुकानदार हात जोडून म्हणाला, "बाई, तुमची औषधं मी घरी पाठवतो. रोज पाठवतो. तुम्ही येऊच नका."

पुढे सर्जनसाहेबांनी शेवटचं स्कॅन पाहिलं आणि जाहीर केलं, "सुटलात तुम्ही! आता माझ्याकडे यायचं कारण नाही."

"कॅन्सरमधून सुटले," बाई म्हणाल्या. "आणि डावी?"

"त्याला किडनीचे डॉक्टर वेगळे असतात."

"मग आपण कशाचे?"

"आम्ही ऑपरेशनचे."

"बरोबर आहे," बाई उठता उठता मला म्हणाल्या, "काढायची ह्यांनी, सांभाळायची दुसऱ्यांनी. संसारातही हीच पद्धत आहे."

दुसऱ्या म्हणजे एक तरुण डॉक्टर निघाल्या. शांत होत्या, कमी बोलत, आणि मुख्य म्हणजे चित्रं काढत नसत. बाईंना त्या एकदम पसंत पडल्या. वर्षातून दोनदा रक्त, लघवी, रक्तदाब, आणि दर वेळी तोच प्रश्न: "दुसरं काही औषध घेता का? घरगुती, कुणी सांगितलेलं?" बाई उत्तर देत, "मी विज्ञान शिकवलंय." डॉक्टर लिहून घेत: नाही.

आता बाईंच्या भावाबद्दल सांगायला हवं.

ते बाईंपेक्षा बरेच लहान. आई लवकर गेली, तेव्हा बाईंनीच त्यांना वाढवलं आणि शिकवलं. वाढवण्यात यश आलं, शिकवण्यात नाही, असं त्या त्यांच्या तोंडावर सांगत. हडपसरच्या एका कारखान्यातून ते निवृत्त झाले होते आणि तिथेच राहत. मी त्यांना काका म्हणे, त्याला हरकत घेतली गेली नाही. दर रविवारी सकाळी ते स्कूटरवरून सगळं शहर ओलांडून कोथरूडला येत, हेल्मेटखाली घामानं निथळलेले, आणि दारातच विचारत, "ताई, बरं आहे ना?"

"कालपर्यंत होतं," बाई म्हणत. "आता तू आलास."

एका उन्हाळ्यापासून काकांच्या पिशवीत बाटली यायला लागली. बाटलीत काढा. कुणा ओळखीच्या माणसाकडून ते कसलीशी मुळं आणि भुकटी आणत आणि पहाटे उठून स्वतः उकळत. बायकोला हात लावू देत नसत. तो माणूस म्हणे किडनी नव्यासारखी करून देई. "कोणाची केलीय?" बाई विचारत. "खूप जणांची." "त्यातला एखादा जिवंत आहे का?" काका हसत. ते कशानंही दुखावले जात नसत. ते काढा पेल्यात ओतत, ताईसमोर ठेवत आणि मांडीवर हात ठेवून बसून राहत. बाई नाक दाबून पीत आणि त्यावर भाष्य करत. "डांबर जास्त झालंय आज." काका रिकाम्या पेल्याकडे असे पाहत की जणू तो त्यांनी स्वतः घडवलाय.

उरलेली बाटली आठवड्यासाठी ठेवून ते जात. ते गेले की मी बाईंकडे पाही. "मोरीत," बाई म्हणत. "मोरीला तरी गुण येऊ दे."

त्याच वर्षी पावसाळ्याअखेर रिपोर्ट आला आणि त्यातला आकडा चांगलाच वर गेला होता. लॅबची चूक असेल म्हणून बाईंनी दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. दुसऱ्या लॅबनंही तीच चूक केली. त्यानंतर बाईंनी एकही टोमणा मारला नाही, तेव्हा मी घाबरले. मी सुट्टी काढली, काका हडपसरहून आले, आणि आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो.

डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट ओळीनं मांडले. "इतकी वर्षं छान चाललं होतं. हे अचानक आहे. उलट्या, जुलाब, ताप?"

"नाही."

"अंगदुखीची गोळी?"

बाईंनी नुसतं पाहिलं. डॉक्टरांनी तो प्रश्न मागे घेतला.

"घरगुती काही? काढा, चूर्ण?"

काकांचा चेहरा उजळला. ते खुर्चीत पुढे सरकले, तोंड उघडलं. आणि बाई, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला न वळता गप्प करावं तशा, डॉक्टरांकडेच पाहत म्हणाल्या, "नाही. काही नाही."

काका चपापले, मग गालात हसले. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई हुशार आहे हं. ह्या डॉक्टर लोकांना आपलं औषध कळत नाही, उगाच बंद करायला सांगतात. बरं झालं नाही बोलली." आणि पुढच्या रविवारी दोन बाटल्या आणायचं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

मी स्वतःची समजूत घातली. रविवारचा एक पेला काय तो. बाकी सगळं तर मोरीत. त्या संध्याकाळी दही काढायला फ्रिज उघडला, तर दह्याच्या मागे बाटली होती. अर्धी. वार बुधवार.

"बाई, ही ओतायची राहिली का?"

बाई वर्तमानपत्र वाचत होत्या. त्यांनी पान उलटलं नाही.

"ओतली नाही कधी."

"म्हणजे?"

"म्हणजे पिते. रोज सकाळी. तुझी आंघोळ चालू असते तेव्हा."

पापडाचा तुकडा ताटाबाहेर ठेवणारी बाई! कंबर धरलेल्या माणसाला दुकानातून परत पाठवणारी!

"पण का? तुमचा विश्वास आहे ह्याच्यावर?"

"वेडी आहेस का?" त्यांना खरोखरच अपमान वाटला. "अगं, तो येतो, बाटली उजेडात धरून बघतो आणि विचारतो, ताई, घेतलास ना रोज? त्याला काय सांगू?"

"सांगायचं घेतला म्हणून! मला सांगत होतात ना मोरीत ओतते म्हणून, तसं."

"तुझ्याशी येतं खोटं बोलता. डॉक्टरांशीही येतं. त्याच्याशी येत नाही." मग म्हणाल्या, "पहाटे उठून उकळतो गं तो. त्याला दुसरं काय येतं?"

मी तेव्हा फार रागावले होते. आवाज चढवून म्हणाले की आता डॉक्टरांना फोन तुम्ही करता की मी करू. बाईंनी घड्याळ पाहिलं, दवाखाना उघडा असल्याची खात्री केली आणि फोन केला. मी शेजारी उभी होते. त्यांनी सगळं स्वच्छ सांगितलं, किती महिने, किती पेले, फक्त कोणी आणला ते सोडून. "बाहेरून आणला होता," एवढंच. पलीकडून डॉक्टर बराच वेळ बोलत होत्या. बाई "हो" म्हणत होत्या. एवढ्या वेळा हो म्हणताना मी त्यांना ना आधी ऐकलं, ना नंतर.

काढा त्या दिवशी बंद झाला. पुढच्या तपासण्यांत आकडा उतरत गेला, आणि मग पूर्वीच्या जागेच्या बराच वरती थांबून राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, जेवढं भरून यायचं तेवढं आलं, बाकीचं गेलं ते गेलं. आता तपासणी वर्षातून दोनदा नाही, वरचेवर. जेवणात आणखी चार गोष्टी बंद. डायलिसिस हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदा उच्चारला गेला, अजून वेळ आहे अशा बेतानं, पण उच्चारला गेला. परत येताना रिक्षात बाई म्हणाल्या, "सर्जननं एक काढली, आणि दुसरीतली थोडी मी. निदान त्याच्याकडे पदवी होती."

प्रश्न उरला काकांचा. शनिवारच्या तपासणीत आकडा जरा उतरला होता, आणि फोननंतरच्या त्या पहिल्याच रविवारी ते दोन बाटल्या घेऊन आले. मी स्वयंपाकघरात, कान बाहेर.

"आता पुरे," बाई म्हणाल्या. "आकडा उतरतोय. काढा बंद केला तरी चालेल."

"म्हणजे गुण आला?"

पेपर तपासताना अर्ध्या गुणासाठी पोरांना रडवलेली बाई.

"आला."

काकांशी खोटं बोलता येत नाही म्हणाल्या होत्या. आलं. काका उठून उभे राहिले, बसले, पुन्हा उठले. माझ्याकडे येऊन म्हणाले, "बघितलंस? शेवटी ताईनं मानलं!" मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना ताईकडून पैकीच्या पैकी मिळाले होते. ते स्कूटरवर बसून जाताना मान ताठ होती, आणि हेल्मेट घालायचं विसरले म्हणून बाईंना गॅलरीतून ओरडावं लागलं.

पाच-सहा रविवार तसेच गेले. काका रिकाम्या हातांनी, पण विजेत्यासारखे येत. मग एकदा चहा ढवळता ढवळता सहज म्हणाले, "आमच्या खालच्या मजल्यावरचे ते रिटायर ड्रायव्हर आहेत ना, साखरवाले? त्यांच्या किडनीवर आलंय. पाय सुजलेत. परवापासून काढा सुरू केला त्यांना. तयार नव्हते हो, पण मी तुझं उदाहरण दिलं."

बाईंनी कप खाली ठेवला.

"फोन लाव त्यांना."

"आत्ता? का?"

"बंद करायला सांग."

"अगं, दोनच दिवस झालेत. तुलाही लगेच नव्हता आला गुण—"

"मला गुण आला नव्हता," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला होता, सगळ्या बाकांना ऐकू जाणारा, पण हात टेबलाची कड धरून होता. "त्या काढ्यानं माझी किडनी बिघडली. बंद केला म्हणून सावरली. सगळी नाही सावरली. फोन लाव."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ताई थट्टा करतेय, असं मी सांगावं म्हणून. त्यांनी खिशातून फोन काढला, दोनदा चुकीचं नाव दाबलं, मग लागला. "अहो, मी बोलतोय वरचा. तो काढा… नका घेऊ. नाही, नका घेऊ. ओतून द्या. पाय डॉक्टरांना दाखवा. आजच दाखवा." फोन ठेवला. ताईकडे बघितलंच नाही. "येतो," म्हणाले आणि गेले. चहा तसाच राहिला.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. बाई अकरा वाजले की दाराकडे बघत आणि मग माझ्यावर डाफरत. फोन केला तर वहिनी, म्हणजे काकांच्या पत्नी, उचलत, आणि मागून काकांचा आवाज येई, "सांग, झोपलोय." तिसऱ्या रविवारी बाईंनी इस्त्रीची साडी नेसली.

"चल. तुझ्या त्या हडपसरला जाऊ. रोज जातेस म्हणतेस, रस्ता तरी माहीत असेल."

वहिनींनी दार उघडलं आणि बाईंना पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "जेवत नाहीत नीट," त्या कुजबुजल्या. "ते मोठं पातेलं टाकून दिलं. पहाटे उठतात आणि नुसते बसून राहतात."

काका गॅलरीत होते. ताईला बघून उठलेसुद्धा नाहीत. दाढी वाढलेली, एकदम म्हातारे झालेले. बाई समोरच्या स्टुलावर बसल्या. खालून बाजाराचा गलका येत होता.

"मी तुला मारत होतो, ताई," काका म्हणाले.

"मारत होतास," बाई म्हणाल्या. "पण तेही अर्धवट. एक काम पुरं करशील तर शपथ."

काकांनी वर पाहिलं. हसावं की रडावं हे न कळून त्यांचा चेहरा विचित्र वाकला, आणि मग ते रडले. बाईंनी त्यांना रडू दिलं. पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. फक्त स्टूल थोडं पुढे ओढलं.

"तू मला सांगायचंस," बऱ्याच वेळानं काका म्हणाले. "तुला कळत होतं. तुला सगळं कळतं. मग पीत का राहिलीस?"

"तू समोर बसायचास म्हणून," बाई म्हणाल्या. "आता उठ. दाढी कर. खालच्या मजल्यावर जाऊन त्या ड्रायव्हरांना बघून येऊ. त्यांना दवाखान्यात नेलंस की नुसता फोनच केलास?"

नेलं होतं. ते बरे होते, म्हणजे पूर्वी होते तितकेच आजारी होते. बाईंनी त्यांचे सगळे रिपोर्ट मागवून वाचले आणि त्यांच्या सुनेला मिठावर तास घेतला. निघताना ते ड्रायव्हर माझ्या कानाशी लागले. "ह्या नर्स आहेत का?"

पुढच्या तपासणीला काका पुन्हा बरोबर आले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून मान हलवली, आकडा जिथे होता तिथेच होता. त्या पुढचं काही बोलणार तेवढ्यात काकांनी हात वर केला. सरळ वर, खांद्याच्या वर, शाळेतल्यासारखा.

"मॅडम, तो काढा मी दिला होता. ताईनं आणला नव्हता. मी."

बाईंनी भावाच्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं.

"कळलं त्यांना," त्या म्हणाल्या. "हात खाली कर."

त्यानंतरही कितीतरी रविवार काका येत राहिले. आता काही आणत नसत, त्यामुळे त्यांना हातांचं काय करावं कळत नसे. बाई त्यांना कामं देत: मटार सोल, पंख्याची धूळ काढ, नळाचा वायसर बदल. आणि कामात चुका काढत. मी लग्न होऊन हडपसरजवळच राहायला गेले, तेव्हा बाई म्हणाल्या, "भूगोल सुधारला तुझा." तरी मी जमेल तेव्हा कोथरूडला जात असे.

काका गेले ते अचानक, एका सकाळी चहा पिता पिता, हृदयाच्या झटक्यानं. दोन्ही किडन्या शेवटपर्यंत ठणठणीत. मी बाईंना घेऊन त्यांच्या घरी गेले. दिवस कार्याचे होते, खोली माणसांनी भरलेली. बाई भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या, फार बारीक झाल्या होत्या, पण ताठ. नात्यातले एक दूरचे गृहस्थ आले. त्यांना जुनी हकीकत अर्धीच माहीत असावी. काकांनी त्या विजयाच्या दिवसांत फोनवरून सगळीकडे कळवलेली. ते मोठ्यानं म्हणाले, "काय भाऊ होता! काढा पाजून पाजून बहिणीला जगवलं त्यानं."

वहिनींनी मान खाली घातली. मी बाईंकडे पाहिलं. चुकीचं विधान त्यांच्यासमोरून सुखरूप गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"जगवलं," बाई म्हणाल्या. "काढ्यानं नाही."

"मग?" गृहस्थ गोंधळले. "कशानं?"

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला.

"दर रविवारी यायचा," त्या म्हणाल्या.